नवी आवृत्ती सेवेत रुजू होताना

संगणकाचा कार्यक्रम लिहिणे हे एक काम, आणि लिहून झालेला तो कार्यक्रम हजारो अनोळखी माणसांच्या नित्याच्या व्यवहारात, त्या व्यवहाराला खंड पडू न देता, आणून ठेवणे हे दुसरे; आणि या दुसऱ्या कामाला आमच्या व्यवसायात फार वर्षे जी उपेक्षा सोसावी लागली तिचे कारण एवढेच की, ते ज्या दिवशी नीट पार पडते त्या दिवशी ते झाल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. अभ्यासक्रमात त्याला स्थान नव्हते, ग्राहकाला दिलेल्या दरपत्रकात त्याची स्वतंत्र ओळ नव्हती, आणि पुण्यातल्या ज्या लहानशा कंपनीत मी नोकरीस लागले तेथे तर ते ‘लाइव्ह करून टाका’ एवढ्या तोंडी हुकुमावर, बहुधा रात्री आणि बहुधा थकलेल्या माणसाच्या हातून उरकले जाई. पुढे माझी उमेदीची वर्षे याच कामात गेली. आणि एका अत्यंत लहान साधनाच्या सहवासात त्या कामाविषयी माझ्या मनात जी आस्था उत्पन्न झाली तिची हकिकत लिहावी असे पुष्कळ दिवसांपासून घोळत आहे.

आमची कामे मोठी नव्हती. शिक्षणसंस्थांचे प्रवेशअर्ज, पतसंस्थांच्या ठेवीदारांना पाहता येतील असे खातेउतारे, एखाद्या बाजार समितीचे दैनिक भाव, अशी संकेतस्थळे आम्ही करून देत असू, आणि त्यांतील बहुतेक परदेशातल्या भाड्याच्या एकेका सर्व्हरवर चालत. प्रारंभी शिरस्ता असा होता की, बदललेल्या फायली कोणत्या हे आठवून आठवून काढायचे आणि त्या एफटीपीने एकेक करून जुन्या फायलींवर लिहायच्या. एफटीपीची मूळ नियमावली १९७१ साली अभय भूषण यांनी लिहिली. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून शिकून बाहेर पडलेले भूषण तेव्हा एमआयटीत होते, आणि एका यंत्रावरची फाइल दुसऱ्या यंत्रावर बिनचूक नेण्याचे जे काम त्यांनी त्या नियमावलीकडे सोपवले ते तिने अनेक दशके निष्ठेने केले. परंतु शंभर फायली मिळून एक आवृत्ती होते, आणि ती आवृत्ती एक तर संपूर्ण पोहोचावी, नाहीतर मुळीच पोहोचू नये, ही जाण तिच्याकडून अपेक्षिणेच गैर होते. म्हणून प्रत्येक वेळी अशी काही मिनिटे येत की, सर्व्हरवर जे असे ते ना धड जुने असे ना धड नवे: अर्जाचा नमुना नव्या आवृत्तीतला, आणि भरलेला अर्ज तपासून दाखल करून घेणारा भाग जुन्या आवृत्तीतला. नेमक्या त्याच मिनिटांत जतच्या किंवा चंदगडच्या एखाद्या सायबर कॅफेत बसलेला विद्यार्थी अर्ज भरून बटण दाबी, आणि पडद्यावर जे काही उमटे त्याचा दोष तो स्वतःच्या अजाणपणाला देई. ही गोष्ट मला त्या काळात सर्वांत अधिक सलत असे. कारण त्याचा दोष काहीच नसे.

रात्री काम करण्याची प्रथा पडली ती यामुळेच. त्या वेळी माणसे कमी, म्हणून नुकसान कमी. पण रात्री चूक झाली तर विचारायला माणूसही नसे.

आमच्या कार्यालयात एक ज्येष्ठ सहकारी होते. आम्ही सगळे त्यांना नुसते सर म्हणत असू. कोणत्या सर्व्हरवर कोणते फोल्डर हात न लावता राखायचे, विद्यार्थ्यांची छायाचित्रे कुठे साठतात, कोणत्या फोल्डरची परवानगी प्रत्येक वेळी फिरून द्यावी लागते, कोणत्या संस्थेच्या सर्व्हरवर डेटाबेसचा संकेतशब्द कोणत्या फायलीत आहे आणि ती फाइल चुकूनही पुसली जाता कामा नये, हे सगळे सरांना मुखोद्गत होते. त्यांची एक वहीही होती, आणि तिच्यात सुवाच्य अक्षरात पायऱ्या लिहिलेल्या होत्या. परंतु जे हाताच्या सवयीचे झाले होते ते वहीत उतरले नव्हते, कारण जे आपण विचार न करता करतो ते लिहून ठेवण्याजोगे आहे असे कोणाला वाटत नाही. गौरी-गणपतीला सर कोकणात घरी गेले म्हणजे आमच्या सगळ्या संकेतस्थळांवरचे बदल ते परत येईपर्यंत तहकूब राहत. सरांनी ज्ञान दडवून ठेवले होते असे मुळीच नव्हे. विचारील त्याला ते मोकळेपणाने सांगत. त्या ज्ञानाला त्यांच्या स्मरणाखेरीज राहायला दुसरे ठिकाणच आम्ही दिले नव्हते.

अमेरिकेत या प्रश्नाचा विचार आमच्या आधी झाला होता. २००४ साली डेव्हिड हाइनमायर हान्सन यांनी रुबी भाषेतली ‘रेल्स’ ही चौकट प्रसिद्ध केली आणि पाठोपाठ, २००५ साली, जेमिस बक यांनी तिच्यासाठी सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवणारे साधन लिहिले. त्याचे पहिले नाव ‘स्विचटॉवर’, आणि पुढल्याच वर्षी ते बदलून ‘कॅपिस्ट्रानो’ झाले. त्याने रूढ केलेल्या दोन गोष्टी पुढे सर्वांनी उचलल्या. पहिली ही की, डिप्लॉय करण्याच्या पायऱ्या कार्यक्रमाच्या कोडबरोबरच, त्याच रेपॉझिटरीत, एका फायलीत लिहून ठेवायच्या, म्हणजे त्यांचाही इतिहास राहील आणि त्याही कोणाच्या तरी नजरेखालून जातील. दुसरी ही की, जुन्या आवृत्तीवर काहीही न लिहिता प्रत्येक नवी आवृत्ती स्वतंत्र फोल्डरात उभी करायची. आम्ही रेल्सकडे वळलो तेव्हा कॅपिस्ट्रानोही आले, आणि त्याचे ऋण मी आजही मानते. पण आमच्या परिस्थितीत ते फार मंद चाले. ते प्रत्येक आज्ञा सर्व्हरकडे वेगळी पाठवी, तिचे उत्तर येईपर्यंत थांबे, आणि मग पुढची पाठवी. अमेझॉनने मुंबईत आपले केंद्र उघडले ते २०१६ साली. त्यापूर्वी आमचे बरेच सर्व्हर अमेरिकेत होते, आणि पुण्याहून तिकडे जाऊन परत येण्यास संदेशाला पाव सेकंदाच्या आसपास लागे. बोलताना हा काळ नगण्य वाटतो, पण शेकडो आज्ञांनी त्याला गुणले आणि वर आमच्या तेव्हाच्या ब्रॉडबँडच्या गळतीची भर घातली की त्याची मिनिटे होत. आणि या मिनिटांत जोडणी तुटली तर काम नेमके कोणत्या पायरीवर थांबले याचा शोध घेत बसावे लागे.

‘मिना’ हे साधन २०१२ च्या सुमारास आमच्या हाती आले. त्याच्या कर्त्यांनी प्रश्नाचा जो उलगडा केला होता तो इतका सरळ होता की, तो आपल्याला सुचला नाही याचे आश्चर्य वाटावे. कामाच्या पायऱ्या रुबीतल्या एका छोट्या फायलीत लिहायच्या, ‘मिना डिप्लॉय’ अशी आज्ञा द्यायची, आणि मग ते साधन त्या सगळ्या पायऱ्यांची मिळून एकच बॅश स्क्रिप्ट तयार करी; ती संपूर्ण स्क्रिप्ट एसएसएचच्या एकाच जोडणीतून सर्व्हरकडे जाई आणि तेथेच आरंभापासून अखेरपर्यंत चाले. पुणे आणि अमेरिका यांच्यामधला संवाद असा एका निरोपावर आला. सर्व्हरवर या साधनाचा कोणताही भाग बसवावा लागत नसे, त्याच्यासाठी तेथे अहोरात्र चालणारी कोणतीही सेवा तैनात करावी लागत नसे. एसएसएच, बॅश आणि गिट एवढी सामग्री तेथे असली की पुरे, आणि ती आमच्या प्रत्येक सर्व्हरवर आधीच होती. पाचशे बारा मेगाबाइट स्मृतीच्या भाड्याच्या यंत्रावर ज्यांनी संस्थांचे संसार चालवले आहेत त्यांना या मितव्ययाची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

परंतु वेग हा त्याचा गुण मला पुढे दुय्यम वाटू लागला. खरे महत्त्व दुसऱ्याच एका सोयीला आले, आणि तिच्याविषयी मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे.

मिनाच्या आज्ञेला ‘सिम्युलेट’ असा पर्याय जोडला म्हणजे ते सर्व्हरवर काहीही करत नाही. जे करणार आहे ती संपूर्ण स्क्रिप्ट आपल्यापुढे पडद्यावर मांडते. कोणते फोल्डर उघडले जाणार, कोणता कोड कोणत्या ब्रँचमधून घेतला जाणार, कोणती पायरी अयशस्वी झाली तर काय पुसले जाणार, सर्व काही साध्या बॅशमध्ये, क्रमवार, डोळ्यांना दिसेल असे. मी ती स्क्रिप्ट छापून काढली आणि सरांपुढे ठेवली. ते नव्या साधनांविषयी साशंक असत, आणि त्यांची शंका अनुभवातून आलेली असल्यामुळे तिचा मला आदर होता. त्यांनी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली, आणि दुपारभर ते कागद ओळ-ओळ वाचत राहिले. मधूनमधून ते एखाद्या ओळीखाली रेघ मारीत, समासात काही लिहीत. संध्याकाळी त्यांनी कागद परत केले तेव्हा समासात त्यांच्या वहीत नसलेल्या गोष्टी होत्या: छायाचित्रांच्या फोल्डरची परवानगी, पावत्यांच्या पीडीएफ फायलींची जागा, एका सर्व्हरवर रात्री चालणाऱ्या कामाला नव्या फोल्डराचा पत्ता कळवण्याची आवश्यकता. ‘‘मॅडम, एवढं यात घाला, मग मी सुट्टीवर असलो तरी चालेल,’’ ते म्हणाले. मी वयाने त्यांच्याहून पुष्कळ लहान होते, तरी कामाच्या गोष्टी बोलताना ते मला मॅडमच म्हणत.

साधन मोठे असते, त्याच्या पोटात काय चालते हे पाहायला स्वतंत्र विद्या शिकावी लागली असती, तर सरांचे ते ज्ञान कागदावर आलेच नसते. कारण जे वाचता येत नाही त्यात दुरुस्ती सुचवता येत नाही. लहान साधनाचा पक्ष मी आजवर ज्या ज्या बैठकीत मांडला त्या प्रत्येक बैठकीत माझा मुख्य मुद्दा हाच होता, आणि तो मला आजही तितकाच खरा वाटतो. जे साधन सामान्य कौशल्याच्या माणसाला एका दुपारी संपूर्ण वाचून होते, त्याच्यावर त्या माणसाचा अधिकार चालतो.

सर्व्हरवरची मांडणीही अशीच नजरेत मावणारी होती. प्रत्येक संकेतस्थळाच्या मुख्य फोल्डरात ‘रिलीजेस’ नावाचे एक फोल्डर, आणि त्यात क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या आवृत्त्या. ‘शेअर्ड’ नावाचे दुसरे, आणि त्यात सर्व आवृत्त्यांना सामाईक असे जे काही ते, म्हणजे छायाचित्रे, नोंदींचे लॉग, संकेतशब्दांची फाइल. आणि ‘करंट’ नावाचा एक दुवा, ज्याला आम्ही सिम्लिंक म्हणतो, तो चालू आवृत्तीकडे वळवलेला. नवी आवृत्ती प्रथम एका तात्पुरत्या फोल्डरात उभी राहते: कोड उतरवला जातो, लागणाऱ्या लायब्रऱ्या बसवल्या जातात, सामाईक फोल्डरांचे दुवे जोडले जातात, चित्रे आणि शैलीपत्रके यांची जुळणी होते. यांपैकी कोणतीही पायरी फसली तर ते तात्पुरते फोल्डर पुसले जाते आणि चालू आवृत्तीला त्याची वार्ताही नसते. सर्व पायऱ्या पार पडल्या म्हणजेच ते ‘रिलीजेस’मध्ये आपल्या क्रमांकाने दाखल होते, आणि मग ‘करंट’चा दुवा त्याच्याकडे वळतो. बिऱ्हाड हलवताना नव्या जागेत भांडीकुंडी लावून, चूल पेटवून, पाणी भरून झाल्यावरच पोस्टमनला नवा पत्ता द्यावा, तसा हा क्रम आहे.

या शेवटच्या क्षणाविषयी आमच्यातल्या जाणत्यांनी बराच काथ्याकूट केला आहे, आणि तो व्यर्थ नाही. दुवा वळवण्याची नेहमीची आज्ञा कित्येक यंत्रांवर जुना दुवा आधी काढते आणि मग नवा लावते. या दोहोंमध्ये अत्यल्प का होईना, असा अवकाश राहतो की त्यात दुवाच अस्तित्वात नसतो. ज्यांना तेवढाही अवकाश नको असेल त्यांनी नवा दुवा वेगळ्या नावाने निर्माण करावा आणि मग त्याचे नाव बदलून तो जुन्याच्या जागी ठेवावा. कारण नाव बदलण्याची क्रिया युनिक्सच्या परंपरेत अविभाज्य मानलेली आहे, पाहणाऱ्याला एक तर जुने दिसते किंवा नवे, मधले काही दिसत नाही. आम्ही प्रवेशाच्या संकेतस्थळासाठी हीच तजवीज केली. जतच्या त्या विद्यार्थ्यासाठी मला जे हवे होते ते या एका ओळीत होते.

आणखी एक लहानसा बंदोबस्त सांगितला पाहिजे. काम सुरू होताच सर्व्हरवर ‘डिप्लॉय डॉट लॉक’ नावाची एक फाइल तयार होते आणि काम संपताच ती पुसली जाते. ती असताना दुसरे कोणी डिप्लॉय करू गेले तर साधन त्याला नकार देते. दोन सहकारी दोन खोल्यांतून एकाच सर्व्हरवर एकाच वेळी काम करीत असल्याचे प्रसंग या फायलीने थांबवले. जोडणी मध्येच तुटली तर मात्र हे कुलूप मागे राहते आणि ते हाताने उघडावे लागते. आमच्याकडे ते उघडण्यापूर्वी कार्यालयात मोठ्याने विचारण्याची पद्धत पडली, ती मला पुढे कोणत्याही साधनात सापडली नाही.

पुढे येतो माघारीचा प्रश्न. जुनी आवृत्ती आपल्या फोल्डरात अबाधित असल्यामुळे तिच्याकडे परत जाणे म्हणजे केवळ दुवा मागे वळवणे आणि ॲप्लिकेशन पुन्हा सुरू करणे. जूनमध्ये, बारावीच्या निकालानंतर, प्रवेशाची गर्दी असताना एका संस्थेच्या संकेतस्थळावर आम्ही भरदुपारी एक छोटी सुधारणा चढवली. थोड्याच वेळात संस्थेच्या कार्यालयातून दूरध्वनी आला की काही अर्जदारांच्या पावतीवर प्रवर्गाचा रकाना रिकामा येत आहे. पूर्वी अशा वेळी जे होई ते मला चांगले आठवते: चार माणसे एका पडद्याभोवती जमत, जो तो आपापली दुरुस्ती सुचवी, आणि घाईत केलेली दुरुस्ती पुन्हा तशाच घाईत वर चढवली जाई. त्या दिवशी सर्वांत कनिष्ठ सहकाऱ्याने ‘मिना रोलबॅक’ ही आज्ञा दिली, कार्यालयाला पावत्या तपासायला सांगितले, त्या ठीक आल्याची खात्री करून घेतली, आणि मग आम्ही चहा घेऊन दोष शोधायला बसलो. ज्या अर्जदारांच्या पावत्या अपुऱ्या निघाल्या होत्या त्यांना नव्या पावत्या धाडल्या. दोष किरकोळ होता. पण शांतपणे शोधल्यामुळे त्याच्या शेजारचा दुसराही सापडला.

या सुलभ माघारीने आमच्या कामाची चालच पालटली. परत फिरता येत नाही असे वाटले की माणूस पुष्कळ बदल साठवून एकदम चढवतो, आणि साठवलेल्या बदलांत दोष दडून बसतो. परत फिरणे सोपे झाले तसे आमचे बदल लहान होत गेले, दिवसा होऊ लागले, आणि रात्रीची जागरणे संपली. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत अशा सहकाऱ्यांना, आणि विशेषतः स्त्रियांना, याने किती दिलासा मिळाला हे तंत्रज्ञानाच्या पुस्तकांत कुठे लिहिलेले मला आढळले नाही, म्हणून येथे मुद्दाम नोंदवते.

मात्र माघारीला एक मर्यादा आहे, आणि ती ओळखल्याशिवाय या साधनाच्या हाती काही देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. दुवा मागे वळला तरी डेटाबेस मागे वळत नाही. नव्या आवृत्तीने एखाद्या तक्त्यातला रकाना काढून टाकला असेल, तर जुनी आवृत्ती परत येऊन तो रकाना शोधू लागते आणि तो तिला मिळत नाही. आणि मधल्या वेळात लोकांनी जी माहिती भरली ती तर कोणीही मागे नेऊ शकत नाही, नेऊही नये. म्हणून आम्ही असा नियम घातला की, डेटाबेसमधला बदल आणि त्याच्यावर अवलंबून असलेला कोड एकाच वेळी जाणार नाहीत. आधी नवा रकाना जोडायचा, जुना तसाच ठेवायचा. मग दोन्ही रकान्यांत लिहिणारा कोड पाठवायचा. जुन्या नोंदी नव्या रकान्यात उतरवून त्यांची रुजवात घ्यायची. आणि पुष्कळ दिवसांनी, जुन्या रकान्याकडे कोणीही पाहत नाही अशी खातरजमा झाल्यावर, तो काढायचा. हा दीर्घसूत्रीपणा नव्या मुलांना प्रथम जाचक वाटे. पण प्रत्येक टप्प्यावर आधीची आवृत्ती चालू शकते एवढी हमी मिळाली तरच रोलबॅकच्या आज्ञेला अर्थ राहतो.

असे नियम नव्या मुलांना समजावून देताना मी त्यांना अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या नाइट कॅपिटल या कंपनीचा मामला सांगत असे. १ ऑगस्ट २०१२ रोजी शेअर बाजार उघडताच या कंपनीच्या संगणकांनी नको असलेल्या सौद्यांचा भडिमार केला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीला ४४ कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला. अमेरिकेच्या रोखे आयोगाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निर्णयात कारण नोंदलेले आहे: नवा कोड आठ सर्व्हरांवर चढवायचा होता, तो सातांवर चढला, आठव्यावर बहुत वर्षांपूर्वी वापरातून गेलेला कोड तसाच राहिला होता, आणि नव्या व्यवस्थेने पुन्हा उपयोगात आणलेल्या एका जुन्या खुणेने तो जागा केला. दुसऱ्या कोणी काम तपासावे असा लेखी नियम तेथे नव्हता. या मामल्यातला सर्वांत बोधक भाग पुढचा आहे. गोंधळ आवरण्यासाठी तेथल्या मंडळींनी उरलेल्या सात सर्व्हरांवरून नवा कोड काढून टाकला. परंतु बाहेरून येणाऱ्या मागण्यांवर ती खूण तशीच होती, त्यामुळे एका सर्व्हरवर चाललेला अनर्थ आता आठही सर्व्हरांवर सुरू झाला. माघारीनेच हानी वाढवली. हे वाचल्यावर आमच्या मुलांना रकान्यांचा तो दीर्घ नियम पुन्हा समजावून सांगावा लागत नसे.

मिनाने या कंपनीला वाचवले असते असे मी म्हणणार नाही. उलट, एका वेळी एका सर्व्हरवर काम करण्यासाठीच ते घडवलेले आहे, आणि आठ सर्व्हर एकाच वेळी सांभाळायचे असतील तर दुसरे काही पाहावे. २०१३ साली डॉकर आले, २०१४ साली गूगलने कुबरनेटीस खुले केले, आणि मोठ्या पसाऱ्याच्या व्यवस्थांना त्यांनी जे दिले ते अमोल आहे. मी स्वतः त्यांच्यावर काम केलेले आहे, आणि शेकडो यंत्रांचा कारभार त्यांच्याशिवाय करावा असे मी कोणाला सुचवणार नाही. माझी तक्रार एवढीच की, ज्या पतसंस्थेचे एका वेळचे वापरकर्ते एका सभागृहात मावतील तिच्या संकेतस्थळासाठीही हीच अवजड सामग्री आणण्याचा आग्रह हल्ली होतो, आणि मग त्या संस्थेला आपल्या कामापेक्षा त्या सामग्रीचीच देखभाल अधिक करावी लागते. त्या देखभालीचा माणूस तालुक्याच्या गावी मिळत नाही. मिळाला तर टिकत नाही. आणि मग संस्था पुन्हा दूरच्या कोणा एकाच्या स्मरणशक्तीवर विसंबून राहते, जेथून आम्ही निघालो होतो.

म्हणून काम पूर्ण करून संकेतस्थळ संस्थेच्या सुपूर्त करताना आम्ही एक शिरस्ता पाळू लागलो. करारपत्र, ताळेबंद, सर्व्हरच्या भाड्याच्या पावत्या यांच्याबरोबर सिम्युलेटने दाखवलेली स्क्रिप्ट छापून, प्रत्येक भागापुढे मराठीत खुलासा लिहून, संस्थेच्या दप्तरात ठेवायची. आणि संस्थेच्या तांत्रिक सहायकाला समोर बसवून, त्याच्या हातून, आमच्या कोणाचाही हात कीबोर्डला न लागता, एकदा डिप्लॉय आणि एकदा रोलबॅक करून घ्यायचे. ही मुले बहुधा पदविका घेतलेली, छपाईयंत्रे आणि वायफाय दुरुस्त करण्यात दिवस घालवणारी, आणि सर्व्हरच्या काळ्या पडद्यापुढे बिचकणारी असत. त्यांच्यासाठी तो खुलासा लिहिताना मी अत्यंत मन लावून लिहीत असे, आणि माझ्या सगळ्या लेखनात या कागदांइतके वाचले गेलेले दुसरे काही नसावे.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका संस्थेतून काही महिन्यांनी त्या सहायकाचा फोन आला. ‘‘मॅडम, तुमच्या कागदात पाच जुन्या आवृत्त्या ठेवायला सांगितलंय, पण आपल्या सर्व्हरची डिस्क लहान आहे आणि पावत्यांचे पीडीएफ वाढत चाललेत. तीन ठेवल्या तर चालेल का?’’ पाच हा आकडा त्या साधनाचा मूळचा. आम्ही तो तसाच ठेवला होता आणि कधी तपासला नव्हता. मी त्याला विचारले की आजवर किती मागे जावे लागले. तो म्हणाला, एकापेक्षा मागे कधीच नाही. मग मी म्हटले की चालेल, मात्र बदल करण्यापूर्वी सिम्युलेट करून कोणती फोल्डरे पुसली जाणार ती ओळ वाचून पाहा. ‘‘वाचली, मॅडम,’’ तो म्हणाला, ‘‘ती वाचूनच तुम्हाला फोन केला.’’ त्या संस्थेच्या डिप्लॉय फायलीत आता पाचाच्या जागी तीन आहे, आणि गिटच्या नोंदीत तो बदल त्याच्या नावावर आहे. सरांना मी हे कळवले, तेव्हा त्यांनी प्रथम विचारले ते हे की, पावत्यांचे पीडीएफ ‘शेअर्ड’मध्येच आहेत ना, ते तेथेच आहेत असे मी सांगितले.